रूळ तेच, गोष्ट नवी

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला, अटलांटिकच्या किनाऱ्यावर कोनी आयलंड आहे. १८८४ साली लामार्कस थॉम्पसन याने तिथे लाकडी चढउतारांवरून धावणारी एक गाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम सहा मैल. प्रवासी बाकांवर बाजूला तोंड करून बसत आणि आजूबाजूचा देखावा पाहत घसरत जात. अमेरिकेतल्या रोलर कोस्टरच्या धंद्याने इथून जोर धरला. पुढची चाळीस वर्षे त्या किनाऱ्यावर एकापेक्षा एक उंच कोस्टर उभे राहत गेले. काही जळाले, काही तोट्यात गेले, काही नव्याला जागा हवी म्हणून पाडले गेले. ‘जायंट रेसर’ नावाचा असाच एक कोस्टर काढून त्याच्या जागी २६ जून १९२७ रोजी ‘सायक्लोन’ सुरू झाला. उंची ८५ फूट, वेग ताशी साठ मैलांच्या घरात, पहिला उतार जवळजवळ ५८ अंशांचा, तिकीट पंचवीस सेंट. जगभरचे शौकीन आज ज्याला जिवापाड जपतात तो सायक्लोन स्वतः एका पाडलेल्या राइडच्या जागेवर उभा आहे. जुन्या राइड्स जपाव्यात की बदलाव्यात, या वादात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

सायक्लोनवरही पाडले जाण्याची वेळ आली होती. १९६९ साली शहराने तो विकत घेतला. शेजारच्या मत्स्यालयाला वाढायला जागा हवी होती आणि थकलेला कोस्टर हटवणे हा सगळ्यात सोपा मार्ग दिसत होता. त्याला वाचवण्यासाठी लोकांनी मोहीम उभारली. अखेर १९७५ मध्ये तो शेजारच्या ॲस्ट्रोलँड पार्कला चालवायला दिला गेला, डागडुजी झाली आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या. १९८८ मध्ये न्यूयॉर्कने त्याला शहराची संरक्षित वारसा वास्तू म्हणून जाहीर केले आणि १९९१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत त्याचे नाव गेले. ब्रुकलिनच्या बेसबॉल संघाने पुढे त्याचेच नाव घेतले.

त्याच किनाऱ्यावर, थोड्या अंतरावर ‘थंडरबोल्ट’ होता. सायक्लोनपेक्षा दोन वर्षांनी थोरला, १९२५ चा. त्याच्या सांगाड्याखाली एक राहते घर होते. वुडी ॲलनच्या ‘ॲनी हॉल’ या १९७७ च्या चित्रपटात ते घर दिसते. थंडरबोल्ट १९८२ मध्ये बंद पडला, त्याच्यावर वेली चढल्या, आणि नोव्हेंबर २००० मध्ये शहराने तो पाडून टाकला. त्याला सायक्लोनसारखा वारसा दर्जा मिळालेला नव्हता. २०१४ मध्ये याच नावाचा पोलादी कोस्टर कोनी आयलंडवर उभा राहिला. त्याचा जुन्याशी संबंध फक्त नावापुरता.

एकाच गावच्या दोन राइड्स, जवळजवळ एकाच वयाच्या. एकीला कायद्याने हात दिला, दुसरीला दिला नाही. पण ‘वाचली’ म्हणजे नेमके काय वाचले, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे पाइनच्या फळ्यांचे एकावर एक ठोकलेले थर आणि वर पोलादाची सपाट पट्टी. ऊन, पाऊस, समुद्राची खारी हवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी अंगावरून जाणारी कित्येक टनांची गाडी, हे सगळे त्या लाकडाला सोसावे लागते. म्हणून हंगामात रोज सकाळी सुतार रुळावरून चालत जाऊन सैल बोल्ट, फुटलेली फळी, वर आलेला खिळा तपासतात. हिवाळ्यात पार्क बंद असताना रुळाचे तुकडेच्या तुकडे उचकटून नवे बसवले जातात. सायक्लोनचा सांगाडा पोलादी आहे, पण त्याच्या रुळाचे लाकूड वर्षानुवर्षे असेच बदलत आले आहे. म्हणजे ज्या लाकडावरून १९२७ मध्ये लोक ओरडत खाली आले ते लाकूड जपणे हा इथे मुद्दाच नाही. जपायचा आहे तो आकार, उतारांचा क्रम, वळणावर अंग एका बाजूला फेकले जाण्याचा तो विशिष्ट क्षण. आणि हे सगळे जपणारी सुताराची नजर.

इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या मार्गेट गाव हा धडा फार महागात शिकले. तिथल्या ‘ड्रीमलँड’ पार्कमध्ये १९२० पासून ‘सीनिक रेल्वे’ नावाचा लाकडी कोस्टर होता. २००२ मध्ये त्याची नोंद संरक्षित वास्तूंच्या यादीत झाली. पार्क मात्र पुढे बंद पडले आणि जमिनीवर दुसरे काही बांधायचे बेत सुरू झाले. एप्रिल २००८ मध्ये आग लागून कोस्टरचा मोठा भाग जळून गेला. इतर कुठे असते तर उरलेले लाकूड भंगारात गेले असते. पण संरक्षित वास्तू असल्याने ती जागा रिकामी मैदान म्हणून वापरता येईना. गावातल्या लोकांनी ‘ड्रीमलँड वाचवा’ चळवळ चालू ठेवली, स्थानिक पालिकेने सक्तीने जमीन ताब्यात घेतली, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये कोस्टर पुन्हा धावला. लाकूड बरेचसे नवे, आराखडा जुना. याला खोटे जतन म्हणणारे लोक आहेत. पण चालणारी राइड आणि तिचा फोटो यांत निवड करायची झाली, तर मार्गेटने केलेली निवड बरोबर आहे.

मार्गेटच्या गाडीवर एक ब्रेकमन उभा राहत असे. मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातल्या लूना पार्कमध्ये १९१२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या सीनिक रेल्वेवरही तो आहे, आणि कोपनहेगनच्या टिवोली बागेतल्या १९१४ च्या कोस्टरवरही. गाडीच्या मधोमध उभे राहून तो लीव्हर ओढतो, कुठे मोकळे सोडायचे आणि कुठे दाबून धरायचे हे ठरवतो. गाडी भरलेली आहे की निम्मी रिकामी, रूळ कोरडा आहे की ओला, वारा कुठून येतो आहे, यावर प्रत्येक फेरीचा हिशेब बदलतो. आजच्या कोस्टरवर हे काम रुळात बसवलेले ब्रेक, सेन्सर आणि संगणक करतात, आणि ते उत्तम करतात. मेलबर्नच्या गाडीवरही ती यंत्रणा बसवता आली असती. तसे केले असते तर लाकूड राहिले असते, दर्शनी भाग राहिला असता, रंगही राहिला असता, आणि तरीही ती राइड संपली असती. कारण एका माणसाच्या हातात आपला जीव आहे हे बसणाऱ्याला दिसते, आणि १९१२ मधल्या माणसालाही तेच दिसत होते. हे कसब वहीत लिहून टिकत नाही. जुन्या ब्रेकमनच्या शेजारी उभे राहून नव्याने ते शिकायचे असते.

सुरक्षेचा प्रश्न मात्र असा बाजूला सारता येत नाही. सुरुवातीच्या कोस्टरला रुळाच्या खालून धरणारी चाके नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना इथे १९०२ मध्ये बांधलेला ‘लीप द डिप्स’ त्याच पद्धतीचा, म्हणून त्याचा वेगही अगदी बेताचा. जॉन मिलर या अभियंत्याने रुळाखालच्या चाकांची रचना १९१९ मध्ये पेटंट केली आणि त्यानंतरच कोस्टरला इतके उंच आणि तीव्र होता आले. सायक्लोन म्हणजे त्या सुरक्षेच्या शोधाचेच अपत्य. तेव्हा सुरक्षा आली आणि मजा गेली, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा.

तरीही एक खरी अडचण आहे, आणि ती मांडीवरच्या दांड्याची आहे. १९४७ मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनियोत ‘रॉकेट’ नावाचा कोस्टर उभा राहिला. १९८० मध्ये ते पार्क बंद पडले. पेनसिल्व्हेनियातल्या क्नोबेल्स या कौटुंबिक मालकीच्या पार्कने तो विकत घेतला, एकेक तुकडा नंबर घालून सोडवला, दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाहून नेला आणि १९८५ मध्ये ‘फीनिक्स’ या नावाने पुन्हा उभा केला. फीनिक्सच्या गाडीत दोघांत मिळून एकच दांडा आहे आणि तो एकाच उंचीवर अडकतो, मांडीला घट्ट बसत नाही. त्यामुळे प्रत्येक टेकाडावर बसणारा आसनावरून खरोखर वर उचलला जातो. शौकिनांच्या मते फीनिक्सचा सगळा आनंद त्या दोन-तीन इंचांत आहे. नव्या गाड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र, मांडीवर आवळून बसणारा दांडा असतो, उंच पाठ असते, मध्ये दुभाजक असतो. अमेरिकेतल्या कोस्टरप्रेमींची संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. जुन्या लाकडी कोस्टरना ती जो मान देते त्याच्या अटींमध्ये हेच मुद्दे आहेत: दांड्याने वर उचलले जाऊ द्यावे, आसनात दुभाजक नसावा, डोक्यामागे उशी नसावी, आणि कोणत्या ओळीत बसायचे ते बसणाऱ्याने ठरवावे. लाकूड जुने असावे अशी अट मात्र नाही.

दुसरीकडे लाकडी कोस्टरचे पोलादी कोस्टर करण्याचा मार्गही निघाला. टेक्ससच्या आर्लिंग्टनमधला ‘टेक्सस जायंट’ १९९० चा. काही वर्षांतच तो इतका खडबडीत झाला की देखभालीचा खर्च परवडेना. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने त्याचा लाकडी सांगाडा ठेवून वर पोलादी रूळ बसवला आणि २०११ मध्ये तो नव्याने सुरू झाला. ओहायोच्या सीडर पॉइंटमधला १९९१ चा ‘मीन स्ट्रीक’ २०१६ मध्ये बंद करून २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ म्हणून उघडला, आणि तो आज जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कोस्टरपैकी एक आहे. इथे हळहळण्यासारखे काही नाही. उंचीचा विक्रम करण्याच्या नादात बांधलेले, प्रवाशांचे अंग खिळखिळे करणारे हे कोस्टर कोणाच्या मनात घर करून बसले नव्हते. पण हाच उपाय १९२०-३० च्या कोस्टरवर कोणी सुचवला तर त्याला ठाम नकार द्यायला हवा. त्या काळात अमेरिकेत शेकड्यांनी कोस्टर होते. मंदी, युद्ध आणि शहरांचा विस्तार यांत बहुतेक गेले. उरलेले फारच थोडे आहेत.

आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या दगडाच्या देवळाला तैलरंग फासतात, गाभाऱ्यात चकचकीत फरश्या बसवतात. करणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, खर्चही भरपूर होतो, आणि दगडावरचे कोरीव काम मात्र रंगाखाली बुजते. पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कमध्ये असेच घडले आणि विशेष म्हणजे ते पुन्हा निस्तरलेही गेले. केनीवूड १८९८ चे. १९८७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. तिथली ‘ओल्ड मिल’ ही १९०१ ची अंधारी जलराइड, लाकडी होड्यांतून संथ वाहत जाण्याची. २००४ मध्ये तिच्यात गारफील्ड या कार्टून मांजराची चित्रे लावली, चमकणारे रंग फासले, बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर त्रिमिती चष्मे आले आणि नावही ‘गारफील्डचे दुःस्वप्न’ झाले. गिऱ्हाइकांची नाराजी वर्षानुवर्षे टिकून राहिली. शेवटी पार्कने गारफील्डला काढले आणि २०२० मध्ये ‘ओल्ड मिल’ हे नाव आणि जुन्या धाटणीचे सांगाड्यांचे देखावे परत आणले. त्याच पार्कमधली ‘नोआज आर्क’ ही १९३६ ची हलणारी-डुलणारी नौका. तिच्या प्रवेशद्वाराशी देवमाशाचा उघडा जबडा असे, तो नव्वदच्या दशकात काढून टाकला होता. २०१६ मध्ये तोही परत बसवला. धंद्याच्या दृष्टीनेही जुने परत आणता येते, याची ही दोन उदाहरणे.

या विषयात डिस्नेचे नाव आतापर्यंत आले नाही, पण सर्वांत मोठे वाद तिथेच झाले. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. वॉल्ट डिस्ने सुरुवातीपासून सांगत असे की ही बाग कधीच पूर्ण होणार नाही, ती वाढत राहील. त्यामुळे बदल करणारे त्याचे नाव घेतात आणि बदल रोखू पाहणारेही त्याचेच नाव घेतात. कारण त्याच्या देखरेखीखाली तयार झालेली शेवटची मोठी राइड म्हणजे ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’. ती मार्च १९६७ मध्ये सुरू झाली. वॉल्ट त्याआधी तीन महिने वारला होता.

मूळ बेत असा होता की लोकांनी चालत जाऊन मेणाचे समुद्री चाचे पाहायचे. पण १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या होड्यांच्या राइडने तासागणिक हजारो माणसे सहज वाहून नेली आणि चाच्यांनाही होड्या मिळाल्या. मार्क डेव्हिस या मुरब्बी ॲनिमेटरने पात्रे आणि विनोद रेखाटले, क्लॉड कोट्सने अंधार, गुहा आणि आगीचे वातावरण उभे केले, एक्स अटेन्सिओने संवाद आणि गाण्याचे शब्द लिहिले, जॉर्ज ब्रन्सने चाल दिली. होडी आधी दलदलीतल्या शांत पाण्यातून जाते, मग अचानक खाली घसरते, सांगाड्यांच्या गुहांतून वळते आणि तोफांच्या धडाक्यात उघडते. शेवटी जळणारे गाव आणि दारूच्या नशेत गाणारे चाचे. हे सारे यांत्रिक पुतळे, आणि १९६७ मध्ये असे काही कोणी पाहिलेले नव्हते.

त्या गावात एक प्रसंग होता: चाच्यांनी बायकांचा लिलाव मांडला आहे आणि दोराने बांधलेल्या बायका रांगेत उभ्या आहेत. मागे काही चाचे बायकांच्या पाठी धावताहेत. तीस वर्षे लोक हे पाहून हसत होते. १९९७ मध्ये पहिला बदल झाला. चाचे आता बायकांच्या हातातल्या खाण्यामागे धावू लागले. ही मोडकीतोडकी सारवासारव होती. पुतळे तेच, धावण्याचे चक्र तेच, फक्त हातात ताटे आली. खरा बदल २०१८ मध्ये झाला. लिलावाचा फलक बदलला, बायकांऐवजी लुटीचा माल विकायला आला आणि रांगेत पुढे उभी असलेली लाल पोशाखातली बाई स्वतःच चाचा होऊन बंदूक घेऊन उभी राहिली. काही शौकिनांना फार राग आला. त्यांचे म्हणणे असे की चाचे वाईटच होते, त्यांना सभ्य दाखवणे खोटे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते या राइडला लागू पडत नाही. ती इतिहास सांगत नव्हती, विकल्या जाणाऱ्या बाईला विनोद म्हणून दाखवत होती, आणि तेही आईवडिलांच्या मांडीवर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीला. तो प्रसंग गेला तरी गुहा, अंधार, घसरण, गाणे, जळणारे गाव, सगळे शाबूत राहिले. राइडला धक्का लागला नाही.

धक्का लागला तो २००६ मध्ये, आणि त्यावर फार कमी लोक रागावले. २००३ मध्ये या राइडवरून चित्रपट निघाला आणि तुफान चालला. तीन वर्षांनी चित्रपटातला जॅक स्पॅरो यांत्रिक पुतळा होऊन राइडमध्ये शिरला. त्याआधी या राइडमध्ये नायक नव्हता. होडीत बसलेला माणूस एका गावात चुकून वाहून आलेला असे आणि कोणीकडे पाहायचे ते त्याचे त्याने ठरवायचे असे. आता सगळी माणसे जॅक कुठे लपला आहे ते शोधतात. पुतळा सुरेख बनवला आहे, यात शंका नाही. पण डेव्हिस आणि कोट्स यांची राइड पाहण्याची पद्धतच त्यामुळे बदलली, आणि ती कोणाच्या सन्मानासाठी नव्हे, पुढच्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी.

‘स्प्लॅश माउंटन’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९८९ मध्ये डिस्नेलँडमध्ये आणि १९९२ मध्ये डिस्नेच्या फ्लोरिडा व टोकियोतल्या बागांत सुरू झालेली ही ओंडक्यांच्या होडीची राइड. शेवटी पन्नास फुटांहून अधिक उंचीवरून पाण्यात उडी. तिच्या कथा ‘साँग ऑफ द साउथ’ या १९४६ च्या चित्रपटातल्या. गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेत काळ्या माणसांना गोऱ्यांच्या मळ्यावर सुखी दाखवणारा हा चित्रपट इतका वादग्रस्त ठरला की अमेरिकेत तो डिस्नेने घरगुती व्हिडिओवर कधीच आणला नाही. राइड बांधतानाच कंपनीला हे ठाऊक होते. म्हणूनच गोष्टी सांगणारा काळा म्हातारा त्यात नव्हता, आणि डांबराच्या बाहुलीच्या जागी मधमाश्यांचे पोळे होते. तरीही गाणी आणि पात्रे तीच होती. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर देशभर निदर्शने चालू असताना, जून २०२० मध्ये डिस्नेने जाहीर केले की ही राइड आता ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या २००९ च्या चित्रपटातल्या टियानाची होणार. टियाना ही डिस्नेची पहिली काळी राजकन्या. फ्लोरिडातली राइड जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. शेवटच्या दिवसांत तिथले पाणी बरण्यांत भरून इंटरनेटवर विकायला ठेवल्याच्या बातम्या आल्या. २०२४ च्या जूनमध्ये फ्लोरिडात आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ सुरू झाली. पाण्याचा मार्ग तोच, शेवटची उडी तीच. टोकियोत जुनी राइड अजून चालू आहे.

ज्यांचे बालपण त्या पाण्यात भिजले त्यांचे दुःख खरे आहे आणि त्याची टवाळी करू नये. पण ते ज्याला मूळ म्हणतात ते तरी कितपत मूळ होते? कॅलिफोर्नियातल्या स्प्लॅश माउंटनमधले कित्येक गाणारे प्राणी १९७४ ते १९८८ चाललेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या दुसऱ्याच कार्यक्रमातून उचलून आणलेले होते. तेही मार्क डेव्हिसच्या रेखाटनांवरचे. म्हणजे १९८९ मध्ये एक जुना कार्यक्रम मोडूनच ही नवी राइड झाली. गोष्ट बदलली, उडी राहिली. इथे बदल करणाऱ्यांचे पारडे जड आहे.

आणि तरीही प्रत्येक बदल नव्या कल्पनेमुळे चांगला होतो असे नाही. डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून ‘पीपलमूव्हर’ होता. उंचावरच्या मार्गावरून संथ फिरत पूर्ण ‘टुमॉरोलँड’ विभाग दाखवणारा. १९९५ मध्ये तो बंद करून १९९८ मध्ये त्याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ या वेगवान गाड्या आणल्या. वळणांना झुकाव दिलेला नव्हता, नवा मार्ग बांधायला पैसे नव्हते, त्यामुळे गाडीने प्रत्येक वळणाआधी करकचून ब्रेक लावायचा आणि पुन्हा सुसाट सुटायचे. टायर झिजले, बिघाड वाढले आणि दोन वर्षांत राइड बंद पडली. तो मार्ग त्यानंतर रिकामाच राहिला. संथ राइडला वेगाची लाज वाटायची गरज नव्हती.

१९९८ मध्येच फ्लोरिडातली ‘मिस्टर टोड’ची राइड विनी द पूसाठी बंद झाली, लोकांनी पार्कमध्ये निदर्शने करूनही. नव्या राइडमध्ये टोड आपल्या जागेची कागदपत्रे घुबडाच्या हाती देतो असे एक चित्र लावले आहे. कॅलिफोर्नियातली १९५५ ची मिस्टर टोड मात्र चालूच आहे. ‘हाँटेड मॅन्शन’ ही १९६९ ची राइड तर दोन्ही मार्ग एकत्र चालतात याचा पुरावा. तिच्या नृत्यदालनातली भुते आजही १८६०च्या दशकातल्या लंडनच्या रंगभूमीवरच्या काच-प्रतिबिंबाच्या युक्तीने नाचतात. कोणीही त्या काचा काढून पडदे लावले नाहीत. आणि हातातल्या टोपीच्या खोक्यात ज्याचे डोके दिसायचे ते भूत, यंत्रणा नीट चालेना म्हणून १९६९ मध्येच काढलेले, २०१५ मध्ये नव्या तंत्राने परत आले. जुने चालते तिथे जुनेच, जुने चालले नव्हते तिथे नवे. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंग पार्कने २०२२ मध्ये १९७८ ची ‘स्पूकस्लॉट’ पाडली, पण २०२४ मध्ये तिच्या जागी आलेल्या राइडला सेंट-सान्सचे ‘दांस माकाब्र’ हे जुन्या राइडचेच संगीत दिले आणि त्या संगीताचेच नावही.

भारतात हा वाद अजून नीट सुरूच झालेला नाही, कारण इथे राइड बदलत नाही, पार्कच नाहीसे होते. १९८४ मध्ये दिल्लीत उघडलेले अप्पूघर २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. महाराष्ट्रातल्या एका पूर्ण पिढीने शाळेच्या सहलीत पहिला रोलर कोस्टर तिथे पाहिला, होडीतून खाडी ओलांडून. खोपोलीचे इमॅजिका २०१३ चे, म्हणजे अजून तरुण. आणि जत्रांतले हाताने ढकलायचे लाकडी पाळणे मोटारीच्या आकाशपाळण्यांपुढे झपाट्याने कमी होत चालले आहेत.

हे पाळणे उभारणारे कारागीर, पार्कमधले यंत्रदुरुस्ती करणारे, गाडी सोडण्याचा खटका दाबणारे लोक आपल्या आसपास आहेत. कोणता बोल्ट किती आवळायचा, पाळणा कोणत्या क्रमाने भरायचा, पावसात काय थांबवायचे, हे त्यांना ठाऊक आहे. ज्या वाचकांच्या ओळखीत असे कोणी असेल त्यांनी ते लिहून घ्यावे, फोटो असतील तर त्यांच्यावर साल आणि गाव टाकून ठेवावे, आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला एक प्रत द्यावी. मार्गेटचा कोस्टर जळाल्यावर पुन्हा उभा राहिला, कारण तो कसा होता हे सांगता येणारी माणसे आणि कागद शिल्लक होते.